पाटकर काकांची तपासणी

विम्याची पॉलिसी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस मी माझ्या सगळ्या धंद्यात एकच पाहिला. मधुकर पाटकर. भाईंदरच्या इंद्रलोक वसाहतीत आमच्या शेजारच्या इमारतीत राहायचे. मी गाड्यांचे विमे उतरवते, आणि लोक मला एवढंच विचारतात, "मॅडम, सही कुठे करू?" पाटकर काका मात्र पॉलिसी हातात पडली की मला समोर बसवून घ्यायचे, चष्मा पुसायचे आणि बारीक टायपातली कलमं मोठ्याने वाचायला लागायचे. मला जांभया यायच्या. शालूकाकू आतून ओरडायच्या, "अहो, सोडा तिला, तिला घरदार आहे!" काका मान वर न करता म्हणायचे, "न वाचता सही करणं म्हणजे न बघता बोहल्यावर चढणं." "मग माझ्या वेळी चढलात ते?" "तुला बघितलं होतं. तुझ्या आईला बघायचं राहून गेलं." यावर आतून भांड्यांचा आवाज वाढायचा.

काका वजन-मापं खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे काटे आणि वजनं तपासायची, बरोबर निघाली तर सरकारी शिक्का मारायचा, ही नोकरी. गिरगाव सोडून भाईंदरला आले, यथावकाश निवृत्त झाले, पण तपासणी काही सुटली नाही. गॅसवाला त्यांच्या दारात सिलिंडर टेकवताना आपणहून म्हणायचा, "अंकल, काँटा लाओ, तौल लो, बाद में बोलने का नहीं." नोकरीतला त्यांचा एक आवडता किस्सा होता. एका मिठाईवाल्याने त्यांना छातीठोकपणे सांगितलं, "साहेब, मी रोज सकाळी स्वतः काटा तपासतो." काका म्हणाले, "शेठ, तीच तर अडचण आहे. आपल्या काट्याला आपण शिक्का मारायचा नसतो." शिवाय ते कधी सांगून जायचे नाहीत. आधी ऑफिसातला शिपाई साध्या कपड्यांत जाऊन किलोभर पेढे घ्यायचा आणि पेढ्यांच्या मागोमाग काका हजर व्हायचे. सांगून केलेली तपासणी म्हणजे पाहुणचार, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

मग शालूकाकूंना अर्धांगवायूचा झटका आला. एक बाजू लुळी पडली आणि बोलणंही जड झालं. एकेक शब्द त्यांना शोधून आणावा लागायचा. त्या बाईच्या जिभेची धार मी अनुभवलेली, त्यामुळे मला ते बघवायचं नाही. रिक्षात त्यांना बसता येत नसे, वळणावर तोल जाऊन त्या कलंडायच्या. फोनवरून टॅक्सी मागवली तर त्यांना आत बसायला लागणारा वेळ कोणी द्यायला तयार नसायचा, लगेच हॉर्न सुरू. राहता राहिली काकांची जुनी राखाडी गाडी. तिची पुढची सीट काकांनी मागे सरकवून, पाठीला उशी बांधून, काकूंच्या मापाची करून घेतली होती. दर रविवारी सकाळी दोघं उत्तनला जायची, समुद्राकडे तोंड करून गाडी लावायची आणि तासभर नुसती बसायची. बाकी सगळा आठवडा काकू खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर. गाडी बंद झाली की काकू घरात कोंडल्या गेल्याच म्हणून समजा.

आणि त्याच गाडीने काकांच्या हातून अपघात झाला.

ते काशीगावकडून एकटेच घरी येत होते. मेट्रोच्या कामामुळे तिकडची वाट बदलली होती. ज्या वळणावरून काका वर्षानुवर्षं आत शिरत होते, तो रस्ता आता फक्त समोरून येणाऱ्यांसाठी होता. तसा ठळक फलकही लावलेला होता. काका सवयीने वळले आणि उलट्या दिशेने आत घुसले. समोरून मर्सी स्कूटरवरून येत होती. उत्तनची, एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करणारी, चाळिशीतली बाई. तिचा पाय गुडघ्याखाली मोडला, आत रॉड घालावा लागला. पोलीस आले तेव्हा काका रस्त्यात तिच्या डोक्याशी बसले होते, ॲम्ब्युलन्सची वाट बघत. हवालदाराने वय बघून सांभाळून घेतलं, "बाबा, तिचाही स्पीड असेल ना?" काका म्हणाले, "तिचा जो काही स्पीड होता, तो तिच्या रस्त्यावर होता. मी दुसऱ्याच्या रस्त्यात घुसलो. तसंच लिहा."

गुन्हा दाखल झाला, लायसन्स काही महिन्यांसाठी निलंबित झालं. मर्सीचा भाऊ सायमन इंद्रलोकात येऊन काकांच्या दारात इतका ओरडला की अख्खा मजला बाहेर आला. काका त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले, तो दमेपर्यंत. मग त्याला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी ते मर्सीला भेटायला निघालेत, असं मला कळलं आणि मी धावत हॉस्पिटल गाठलं. कारण आमच्या पॉलिसीत एक कलम असतं. अपघात झाला तर कंपनीला विचारल्याशिवाय चूक कबूल करायची नाही, कसलं वचन द्यायचं नाही. मी जिन्यातच त्यांना अडवलं. "काका, आत जाऊन काही बोलू नका. पॉलिसीतलं ते कलम..."

"तिसऱ्या पानावरचं. वाचलंय मी," काका म्हणाले. "ते मी आता मोडणार आहे. तुझ्या कंपनीला कळव."

आणि गेले आत. मी मागे. मर्सी पाय वर टांगून पडली होती.

"मी पाटकर. तुमचा पाय माझ्यामुळे मोडला. रस्ता बंद होता, मी घुसलो. तुमची यात काहीएक चूक नाही."

मर्सीने त्यांना खालून वर पाहिलं. "ते मना म्हाईत हाय," ती म्हणाली. "पन बाकी सगले बोलतात बाई फास्ट व्हती. माज्या शाळेत पन तेच बोलतात. आता तुम्ही जे मना बोलले ना, ते बाहेर जाऊन बोला."

ते काकांनी बाहेरही सांगितलं, कोर्टातही सांगितलं. कंपनीचा वकील माझ्यावर उखडला. पण अपघातात सापडलेल्या तिऱ्हाइताची भरपाई असल्या कारणाने अडवता येत नाही. मर्सीला तिचे पैसे मिळाले. वकील मला म्हणाला, "तुमचा क्लायंट विचित्र आहे." मी हो म्हटलं. मला आतून मात्र काहीतरी वेगळंच वाटत होतं. इतकी वर्षं या धंद्यात मी अपघात झाल्यावर गाडी चालवणारे बदललेले बघितलेत, वेळा बदललेल्या बघितल्यात, पाऊस नसताना पाऊस पडलेला बघितलाय. जसं झालं तसं सांगणारा माणूस बघून मला जरा भीतीच वाटली.

पॉलिसीच्या नूतनीकरणाची वेळ आली. लायसन्स तोवर परत मिळालं होतं. मी कागद घेऊन गेले, काकांनी चष्मा पुसला.

"गाडीचं वय विचारलंय. वारसाचं वय विचारलंय. चालवणाऱ्याची नजर कशी आहे, हात कसे आहेत, हे कुठेय?"

"तसा रकाना नसतो काका."

"सत्तरी ओलांडलेल्या या माणसाने गेल्या वर्षी उलट्या दिशेने गाडी घातली, हे कुठे लिहायचं?"

"त्यालाही रकाना नाही."

"रकाना नाही म्हणजे झालंच नाही?" ते पुढे वाचत गेले आणि एकदम थांबले. "आणि ही सवलत कसली?"

मला सांगायची लाज वाटली. काकांनी आपल्या गाडीचा पत्रा स्वतःच्या खर्चाने ठोकून घेतला होता, कंपनीकडे काही मागितलं नव्हतं. स्वतःच्या गाडीसाठी काही न मागता वर्ष गेलं की कंपनी हप्त्यात सूट देते, तिऱ्हाइताला दिलेले पैसे त्यात धरत नाही. ते ऐकून काका खुर्चीत मागे टेकले. "मी एका बाईचा पाय मोडला, आणि तुझी कंपनी मला शहाणा बाळ म्हणून बक्षीस देतेय! सुषमा, हा काटा कुठल्या दुकानातला ग?"

डॉक्टरच्या दाखल्याचीही तीच गत. या वयात लायसन्सची मुदत वाढवायची तर प्रकृती ठणठणीत असल्याचा दाखला लागतो. आमच्याकडच्या एका डॉक्टरने काकांकडे न बघता, फोनवर बोलता बोलता सही ठोकली. काका घरी येऊन तो कागद काकूंना दाखवत म्हणाले, "बघ, मी तंदुरुस्त आहे. डॉक्टरला आवाजावरून कळलं." काकू अर्ध्या तोंडाने हसल्या. त्या रविवारी उत्तनला जायची वाट बघत होत्या. कितीतरी महिन्यांत समुद्र बघितला नव्हता. कपाटातली साडीसुद्धा काढून खुर्चीवर ठेवली होती.

पण काका गाडी काढेनात. सगळे कागद हो म्हणत होते, मी हो म्हणत होते, पुण्याचा मुलगा फोनवरून हो म्हणत होता. काका म्हणाले, "तुम्ही सगळी माझ्या बाजूची माणसं. मी चालवावं असं मलाच इतकं वाटतंय की माझं तर काही खरंच नाही. तपासायला असा माणूस पाहिजे, ज्याला माझी भीड नाही." आणि त्यांनी मर्सीला फोन लावला.

हे सुचायला कुठल्या मातीचा माणूस लागतो, मला ठाऊक नाही. मी त्यांना वेड्यात काढलं. मर्सीनेही काढलं. फोन स्पीकरवर होता, तिचा आवाज अख्ख्या खोलीत घुमला.

"मना काय आरटीओ समजलात? एकदा पाडली ते बस न्हाय जालं? आता गाडीत घालून नेता?"

"तुम्ही शेजारी बसा. मी चालवतो. शेवटी सांगा, हा म्हातारा रस्त्यावर असावा की नसावा. तुम्ही म्हणाल ते मी करीन."

मग ती म्हणाली, "रस्ता मी सांगनार. आनि मधी मना काय विचारायचा न्हाय."

रविवारी सकाळी निघालो. काकूंच्या सीटवर मर्सी बसली, काठी पायाशी, पट्टा करकचून आवळलेला, मुठीत जपमाळ. तिच्या मागे डाव्या खिडकीशी काकू, उशी लावून टेकवलेल्या, ती साडी नेसून. काकांच्या मागे मी. आपल्या येण्याजाण्याचा निकाल आज लागणार, हे काकूंना पुरतं ठाऊक होतं. आपला चांगला हात त्यांनी मांडीवर घट्ट दाबून धरला होता.

मर्सीने पहिल्यांदा काशीगावलाच न्यायला लावलं. जिथे पडली त्याच ठिकाणी. काकांनी त्या वळणाआधी गाडी इतकी हळू केली की मागचे हॉर्न मारायला लागले. मर्सीचे ओठ हलत होते. काका बरोबर पुढून वळसा घालून आले. तिथून भाईंदर पश्चिमेला आलो, मुर्ध्याच्या बाजूने खाडीलगतच्या रस्त्याला लागलो. काका झकास चालवत होते. खड्डा टाळत होते, सिग्नल देत होते, एसटीला वाट देत होते. मी मनात म्हटलं, पास. मला इतका आनंद झाला की मी उजवीकडच्या खाजणातले बगळे मोजत बसले. राई गाव गेलं, तिथलं तीव्र डावं वळण गेलं, उत्तन आलं. मर्सीच्या घरापाशी काकांनी गाडी अगदी भिंतीलगत, सुरेख लावली आणि इंजिन बंद केलं.

"बोला मर्सीबाई."

मर्सी काचेतून समोर बघत होती. "राईच्या वलनावर सायमन हुबा व्हता," ती म्हणाली. "डाव्या बाजूला, निला शर्ट घालून. एक पाय रस्त्यात. दोनी हात वर करून तुमाला बोलवत व्हता. दिसला?"

"कोण सायमन? तुमचा भाऊ?"

"म्यांच उभा केलेला. तुमाला सांगितला असता तर तुम्ही डोले फाडून बघितला असता. म्हनून न्हाय सांगितला."

काका आठवून बघत होते, ते मला त्यांच्या मानेवरून कळत होतं. त्यांना खोटं बोलायला भरपूर जागा होती. हो, दिसला, म्हटलं असतं, तर कोण काय करणार होतं?

"नाही," काका म्हणाले. "मला तिथे कोणीच दिसलं नाही."

आणि मग त्यांनी जे केलं ते आठवलं की माझ्या अंगावर आजही काटा येतो. ते मर्सीकडे वळले, आणि त्यांचा चेहरा चक्क उजळला होता. "न सांगता केलीत तपासणी! बाई, आमच्या खात्यात अशी अक्कल फार थोड्यांना होती." हे बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते, पण कौतुक खरं होतं. मर्सी मात्र रडायला लागली. "काकूंना मागं बघितला ना, तवा मी ठरवलेला, पास सांगायचा. पन मना बोलवंना. उद्या त्या वलनावर दुसरा कोन तरी असंल."

"बरोबर आहे," काका म्हणाले. त्यांनी किल्ली काढून मागे माझ्या हातात दिली. "सुषमा, परत जाताना तू चालव."

पुढच्याच आठवड्यात डोळ्यांच्या चांगल्या डॉक्टरकडे गेल्यावर कारण सापडलं. काचबिंदू. समोरचं लख्ख दिसत होतं, डाव्या कडेचं कधी गेलं ते त्यांना कळलंच नव्हतं. काशीगावचा तो फलकही डावीकडेच होता. मी म्हटलं, "काका, म्हणजे चूक तुमची नव्हतीच. हे कोर्टात सांगता आलं असतं." ते म्हणाले, "काटा खराब आहे हे दुकानदाराला माहीत नव्हतं, म्हणून गिऱ्हाइकाला माल पूर्ण मिळाला का?"

काकूंचं बाहेर जाणं त्यानंतर फार कमी झालं. ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. कधी मी न्यायचे, कधी मुलगा आला की तो. सणाला मर्सी घरचे फुगे, त्यांच्याकडचे तळलेले गोल पाव, घेऊन यायची, काठीशिवाय चालायला लागली तरी जरा लंगडायचीच. काकांनी गाडी विकली नाही, उभ्या गाडीचाही विमा दर वर्षी वाचून, मला जांभया आणत उतरवला. गेल्या वर्षी ते गेले. झोपेतच. माझ्याकडे आता सत्तरीपुढचं कोणी पॉलिसीला आलं की मी विचारते, तुम्ही गाडी कशी चालवता हे शेवटचं कोणाला विचारलंत? काही जण उठून दुसऱ्या एजंटकडे जातात. जाऊ देत.

पण मला काकांपेक्षाही जास्त आठवतो तो त्या रविवारचा परतीचा रस्ता. मर्सी उतरल्यावर काकू पुढे आपल्या सीटवर आल्या होत्या. मी चालवत होते. काका मागे एकटे, आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याच गाडीत मागे. राईचं वळण आलं तसं काकूंनी चांगला हात उचलून काचेबाहेर दाखवलं.

"इथे... होता."

"कोण ग?" मागून काकांनी विचारलं.

"सायमन. निळा... शर्ट."

मी आरशात पाहिलं. काका पुढे सरकून दोन सीटच्या मध्ये आले होते. "शालू, तुला दिसला होता?"

काकूंनी मान हलवली. दिसला होता. त्या खिडकीशीच तर बसल्या होत्या. त्यांनी नुसतं "सायमन" म्हटलं असतं, तर काकांनी मान वळवली असती, हात केला असता, मर्सीने पास म्हटलं असतं. पुढच्या रविवारी समुद्र, त्याच्या पुढच्या रविवारी समुद्र.

काकांनी फार हळू विचारलं, "मग... तेव्हा शब्द सापडला नाही का ग?"

काकू रस्त्याकडे बघत होत्या. त्यांना वेळ लागला, पण प्रत्येक अक्षर त्यांनी नीट उच्चारलं.

"सापडला होता."

मला पुढचा रस्ता दिसेना, म्हणून मी गाडी बाजूला घेऊन थांबवली.